नाते : मित्र

मास्तरकाकांच्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. खाकी पुठ्ठ्याची, कडा हाताळून मऊ झालेल्या. आत पट्टीने आखलेले चार रकाने : महिना, हप्ता, निम्मे, सही. पहिली ओळ जून 1993ची, शेवटची मे 2008ची. पंधरा वर्षांच्या 180 ओळी. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन आद्याक्षरं, एक निळ्या शाईत, एक काळ्या. गणिताच्या मास्तरांची वही, त्यामुळे खाडाखोड कुठेच नाही.

ज्या कोथरूडच्या फ्लॅटचे हे हप्ते, तो माझ्या मामाच्या एकट्याच्या नावावर होता. कर्ज एकत्र मिळेल का, हे विचारायला दोघे मिळून बँकेत गेले होते. "तुमचं आपसात नातं काय?" असं साहेबांनी विचारलं. मामा म्हणाला, "मित्र." नवरा-बायको चालतील, बाप-लेक चालतील, भाऊ-भाऊ चालतील, मित्र चालत नाहीत, असं उत्तर मिळालं. मग कर्ज मामाच्या नावावर निघालं आणि दर महिन्याच्या सात तारखेला निम्मा हप्ता मास्तरकाका मामाच्या हातात ठेवू लागले.

2022 साली, मामा गेल्यानंतर, वकिलांनी ही वही चाळली, मिटली आणि म्हणाले, "ही कोणाला दाखवू नका."

नवऱ्याने स्वतःच्या पैशांनी बायकोच्या नावावर घर घेतलं तर ते बेनामी ठरत नाही, कायद्यात तशी सूट आहे. पण मित्राच्या नावावरच्या घरात माझेही पैसे आहेत, असं म्हणत कोर्टात गेलं तर बेनामी व्यवहारांचा कायदा आडवा येतो. हक्क मिळणं लांबच, उलट अंगाशी यायचं. पंधरा वर्षांचा चोख हिशोब, आणि तो लपवून ठेवायचा. मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. कागद नसल्यामुळे अडलेली माणसं रोज बघते. कागद आहे म्हणून घाबरलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

*

मामा पाटबंधारे खात्यात होता, मास्तरकाका शाळेत गणित शिकवायचे. ओळख झाली 1988 साली, सदाशिव पेठेतल्या एका खाणावळीत. दोघंही बाहेरगावचे, दोघंही कॉट बेसिसवर राहणारे. मामाला वांगं चालायचं नाही, मास्तरकाकांना कारलं. एकमेकांच्या वाट्या बदलता बदलता ओळख झाली, एवढंच मामा सांगायचा आणि हसायचा. पुढचं आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आमच्या घरात सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. आई म्हणायची "अहो मास्तर", मामा म्हणायचा "मास्तर", आम्ही मुलं मास्तरकाका. मामाला ते साहेब म्हणायचे. दर भाऊबीजेला दोघे यायचे. आई आधी मामाला ओवाळायची, मग दुसरा पाट मांडून मास्तरांना. दोघांची ओवाळणी वेगळ्या पाकिटांतून, पण पाकिटांवरचं अक्षर एकच, मास्तरांचं. मामा गेल्यावर आई एकदा म्हणाली, "मी त्यांना भाऊ म्हणून ओवाळायचे गं, पण मनात ते भाऊ नव्हते. वहिनी म्हणावं तर बाईमाणूस नव्हे. मग काय म्हणायचं?"

बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला साडू म्हणणारी आपली भाषा. नवऱ्याच्या भावाच्या बायकोला जाऊ, मुलाच्या सासूला विहीण, आत्याला मावळण. नात्याचा एकही कोपरा मराठीने बिननावाचा ठेवलेला नाही, आणि 34 वर्षं एका माणसाचं सुखदुःख स्वतःचं मानलेल्या माणसासाठी माझ्या आईला शब्द सापडत नव्हता.

*

मामाने मृत्युपत्र केलं नव्हतं. हे सांगितलं की लोक पटकन म्हणतात, मग चूक त्याचीच. मीही रागावले होते. एक मृत्युपत्र असतं तर अर्धे प्रश्न सुटले असते, कारण मृत्युपत्राने मिळालेल्या घरावर आयकरही लागत नाही.

मास्तरकाकांनी समजावून सांगितल्यावर माझा राग गेला. इंग्रजांनी 1860 साली आणलेल्या दंडसंहितेतलं 377 कलम समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009ला ते प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं बाजूला केलं, सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013ला पुन्हा जागेवर आणलं, आणि अखेर 6 सप्टेंबर 2018ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यातून सुटका केली. त्या दिवशी मामा 67 वर्षांचा होता. सरकारी नोकरीची सगळी वर्षं, निवृत्तीनंतरचीही कितीतरी, त्याने अशी काढली की दोघांची नावं एका कागदावर येता कामा नयेत. वहीत नावांऐवजी आद्याक्षरं आहेत ती त्याच भीतीने. तुमच्या-माझ्या लग्नाच्या दाखल्याकडे आपण आधार म्हणून बघतो. त्यांच्यासाठी दोघांच्या नावाचा कागद म्हणजे पुरावा होता. 67 वर्षांची सवय एका निकालाने कशी सुटणार? "करू, करू," म्हणत राहिला. मग करोना आला, मग छातीत दुखू लागलं.

जुलै 2022. रात्री दोन वाजता मास्तरकाकांचा फोन आला, "बाळ, तू लगेच ये. इथे सही हवी आहे." मी चिंचवडहून निघाले. भर पावसात पोचायला पाऊण तास लागला. आयसीयूच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ते बसले होते, मांडीवर मामाची फाईल. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात त्यांच्या सुंदर अक्षरात 'मित्र' लिहिलेलं होतं आणि त्यावर कोणीतरी बॉलपेनने आडवी रेघ मारली होती. सिस्टर वाईट नव्हत्या. "नातेवाईक लागतो हो काका, मी तरी काय करू," एवढंच म्हणाल्या. मी फॉर्म पुढे ओढला. कसली अ‍ॅलर्जी? मी मास्तरकाकांकडे बघितलं. "सल्फा," ते म्हणाले. रक्त पातळ होण्याची गोळी? "सकाळी अर्धी." आधी काही ऑपरेशन? "1999ला हर्निया, उजव्या बाजूचा." मी विचारत होते, ते सांगत होते, मी लिहीत होते. खाली सही माझी, नाते : भाची.

मामा ऑगस्टमध्ये गेला. वैकुंठात थोरल्या मामांनी अग्नी दिला. मास्तरकाका मागे, कठड्यापाशी उभे होते. हातात मामाचा चष्मा होता.

*

पेन्शन त्याच महिन्यात बंद झाली. कुटुंबनिवृत्तिवेतन कुटुंबाला असतं, आणि नियमांच्या भाषेत मामाला कुटुंब नव्हतं.

सोसायटीत मामाने नॉमिनेशन भरून ठेवलं होतं, तेवढं धाडस त्याने केलं होतं. तिथेही नातं 'मित्र'. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, खऱ्या वारसांच्या वतीने सांभाळणारा, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, वारस ठरेपर्यंत. वारस कोण, हे 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात लिहिलेलं आहे. बायको नाही, मूल नाही, आई-वडील नाहीत, म्हणजे भावंडं : थोरले मामा, माझी आई आणि मावशी. भावंडं नसती तर पुतणे-भाचे, तेही नसते तर काका, मामा, मावश्या, मग दूरचे भाऊबंद, आणि कोणीच सापडलं नाही तर घर सरकारजमा. त्या लांबलचक यादीत मास्तरकाकांना कुठेही जागा नाही, अगदी शेवटीसुद्धा नाही.

आई आणि मावशी म्हणाल्या, आमचे हिस्से मास्तरांना देऊन टाकू. मी ऑफिसात बसून हिशोब मांडला. हक्कसोडपत्र करता येईना, ते सहहिस्सेदारांमध्येच होतं आणि मास्तरकाका परके. मग बक्षीसपत्र. आईने राहतं घर मला बक्षीस दिलं असतं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. नवऱ्याला, बायकोला, मुलांना, नातवंडांना ही सवलत आहे. मास्तरकाकांसाठी बाजारभावावर टक्केवारीने. तेही भरलं असतं आम्ही. पण पुढे आयकराचं 56वं कलम उभं होतं. नातेवाईक नसलेल्याकडून 50,000 रुपयांच्या वर मूल्याचं घर फुकट मिळालं तर ती सगळी किंमत त्या वर्षीचं उत्पन्न धरतात. दोन हिस्स्यांवर कर 15 लाखांच्या वर जात होता. शाळामास्तराच्या पेन्शनीतून 15 लाख. पतीपत्नीने एकमेकांना दिलेल्या भेटीला हा कर नाही. हाच भेदभाव दाखवत 2025 साली एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ती बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात एकटीच होते, आणि बराच वेळ तो कागदावरचा जुना हिशोब शोधत बसले.

आणि थोरले मामा काही मनाने दुष्ट नाहीत, पण त्यांचं म्हणणं होतं, घर घराण्यात राहावं. "मास्तरांनी हवं तेवढं राहावं, मी काढणार नाही. पण उद्या त्यांच्या पुतण्यांनी हक्क सांगितला तर? कागद करा." कागद झाला. लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिन्यांचा. 29 वर्षं ज्या घरात राहिले, ज्याच्या निम्म्या विटा त्यांच्या आहेत, त्या घरात मास्तरकाका आमचे भाडेकरू झाले. सोसायटीच्या नियमाप्रमाणे भाडेकरूची पोलीस पडताळणी लागते. तीही केली. पासपोर्ट साइझचे दोन फोटो लागले. ते फोटो काढायला जाताना त्यांनी मामाचा इस्त्रीचा शर्ट घातला होता.

*

18 एप्रिल 2023ला सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाच्या याचिकांची सुनावणी सुरू झाली. घटनापीठासमोरचं कामकाज थेट दिसत होतं. दहा दिवस, 11 मेपर्यंत, मास्तरकाकांनी ती सगळी बघितली, शेजारी नवी वही घेऊन. मी सुट्टीच्या दिवशी जायचे तेव्हा मला ते टिपणं वाचून दाखवायचे. ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे, असं केंद्राने प्रतिज्ञापत्रात म्हटलं होतं. ते वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला. मास्तरकाका चिपळूणजवळच्या खेड्यातले. वडील एसटीत कंडक्टर. "उच्चभ्रू," असं एकदाच म्हणाले, जणू फळ्यावर चुकलेलं उत्तर वाचत होते. 1987-88 साली मध्य प्रदेशातल्या दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं आणि दोघींची नोकरी गेली, ही बातमी त्यांनी तेव्हा पेपरात वाचली होती, मामाला भेटण्याच्या थोडंच आधी. त्या शिपाई बाया कुठल्या क्लबात जात होत्या?

निकाल 17 ऑक्टोबरला लागला. नवरात्राची तिसरी माळ होती, आई घटाला माळ घालत होती आणि मी स्वयंपाकघरात मोबाईल कानाशी धरून उभी. विवाहाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं. 1954चा विशेष विवाह कायदा बदलून वाचायला त्यांनी नकार दिला. पण सिव्हिल युनियनवर, म्हणजे लग्न म्हणा वा न म्हणा पण या सहजीवनाला कायद्याची ओळख द्यावी का, यावर पीठ दुभंगलं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांनी तो हक्क मानला. न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह यांनी मानला नाही. कायदा करायचा तर संसदेने करावा. मास्तरकाकांनी वहीत 3 : 2 असं लिहून खाली रेघ ओढली. "एका मताने गेलं," म्हणाले. आणि मग, "साहेबांना सांगायला हवं होतं. एका मताने म्हणजे फार जवळ आलो होतो."

त्यानंतर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, एप्रिल 2024मध्ये. काही चांगलं झालंही. 28 ऑगस्ट 2024ला अर्थखात्याने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात देता यावं. शिधापत्रिकेसाठी जोडप्याला एक कुटुंब धरा, असंही कळवलं गेलं. मी या परिपत्रकांची मनापासून कदर करते, ज्यांचं अडलं होतं त्यांचं काही अंशी सुटलं असेल. पण परिपत्रकाने कोणी वारस होत नाही. परिपत्रकाने पेन्शन मिळत नाही. मूत्रपिंड द्यायचं झालं तर 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात 'जवळचे नातेवाईक' कोण ते नाव घेऊन लिहिलंय, आणि जोडीदार त्यात नवरा किंवा बायको असेल तरच आहे. बाकीच्यांनी प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे आपलं प्रेम सिद्ध करायचं. पुनर्विचार याचिका जानेवारी 2025मध्ये फेटाळल्या गेल्या. चेंडू संसदेत आहे, आणि सुप्रिया सुळे यांनी एप्रिल 2022मध्ये लोकसभेत मांडलेलं खासगी विधेयक तसंच राहिलं.

*

"समाज अजून तयार नाही," असं मला फार सांगितलं जातं. आमचा फ्लॅट कर्वे पुतळ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. विधवाविवाहाचा कायदा 1856चा. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं 1893ला, म्हणजे कायद्यानंतर 37 वर्षांनी, आणि तरीही मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. समाज तयार होण्याची वाट 1856ला कोणी बघितली असती तर? गावाने पंगतीतून उठवलं, पण त्या लग्नाला बेकायदा म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण कागद त्यांच्या बाजूने होता. त्या कागदाच्या आडोशाने माणसं उभी राहिली आणि समाज मागून, हळूहळू आला. आज आपण त्याच नावाच्या रस्त्यावर भाजी घेतो.

माझी मुलगी 24 वर्षांची आहे आणि तिला माझं हे सिव्हिल युनियनचं बोलणं पटत नाही. "आई, तुम्हाला लग्न आणि आम्हाला रजिस्टरमधली नोंद? माझ्या मैत्रिणींनी वेगळ्या पंगतीत का बसायचं?" तिचं चुकत नाही. वेगळी पंगत हा शब्द महाराष्ट्रात काय अर्थाने बोचतो ते मला कळतं. लग्नच मिळालं तर मी पहिली अक्षता टाकीन. पण मी मास्तरकाकांकडे बघते आणि मला वाट बघवत नाही. डेन्मार्कने 1989ला नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा केला, विवाहाचा हक्क 2012ला आला. आयर्लंडमध्ये 2010ला सिव्हिल पार्टनरशिपचा कायदा झाला आणि 2015ला जनमत घेऊन 62 टक्के लोकांनी विवाहाला हो म्हटलं. पहिला कागद दुसऱ्याची वाट अडवत नाही, असंच दिसतं. आणि फ्रान्समध्ये 1999ला समलिंगी जोडप्यांना डोळ्यांपुढे ठेवून आणलेला सहजीवन करार आज बहुतेक स्त्री-पुरुष जोडपीच वापरतात.

आयर्लंडचं नाव निघालं की माझी मालवणची मावशी फुलून येते. तिथे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. 2019च्या डिसेंबरात ते आई-वडिलांबरोबर, आपल्या पुरुष जोडीदारासह, वराडला आले तेव्हा गावाने त्यांचं स्वागत केलं. "आमच्या वराडचो झील," म्हणून मावशीने सगळ्यांना फोन केले होते, मामालाही. मामा फोनवर बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारलं, "दोघांना एकत्र बसवलं होतं का गं?"

मला हवा तो कायदा फार मोठा नाही. दोन सज्ञान माणसांनी निबंधकासमोर जाऊन सांगायचं, आम्ही एकमेकांचे आहोत. विशेष विवाह कायद्यासारखी तीस दिवस नोटीस बोर्डावर लावू नये, कारण त्या नोटिशी वाचून दारात कोण उभं राहतं हे आंतरजातीय लग्नं केलेल्यांना विचारा. आणि त्या नोंदीच्या आधारे जिथे जिथे कायद्यात 'पती किंवा पत्नी' लिहिलंय, तिथे तिथे या माणसाला उभं राहता यावं : दवाखान्यात, तहसीलात, बँकेत, स्मशानात. मोडायचं झालं तर मोडण्याचीही रीतसर वाट असावी, म्हणजे दुबळ्याला रस्त्यावर यावं लागणार नाही. मद्रास उच्च न्यायालयाने मे 2025मध्ये म्हटलं की कुटुंब उभं करायला लग्न हा एकमेव मार्ग नाही. कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत मी ते कुटुंब लहानपणापासून बघितलं आहे. दुपारच्या चहाला दोन कप, एकात साखर नसलेला, आणि कुठला कोणाचा हे न बघता उचलणारे दोन हात.

*

गेल्या महिन्यात करार पुन्हा संपला. नूतनीकरणासाठी एजंट घरीच आला, पंचविशीचा मुलगा, लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन. मास्तरकाकांचा अंगठा काही केल्या उमटेना. आयुष्यभर खडू धरलेली बोटं, रेषा पुसट झालेल्या. त्याने ओल्या फडक्याने पुसून बघितलं, दुसरं बोट लावून बघितलं, चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. मग तो फॉर्म भरू लागला.

"काका, कायमचा पत्ता?"

मास्तरकाकांनी फ्लॅटचा पत्ता सांगितला. इमारतीचं नाव, विंग, मजला, कोथरूड, पुणे 38.

"हा भाड्याचा झाला काका. कायमचा सांगा. गावचा वगैरे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. मग त्यांनी सावकाश, शुद्धलेखनासकट, चिपळूणजवळच्या त्या घराचा पत्ता सांगितला, जिथून ते 1979 साली बाहेर पडले होते.